तीन प्रतींत कंपीट

चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका बँकेच्या शाखेत वरून एक परिपत्रक आलं, आणि त्यात एकच काम सांगितलं होतं. कंपीट करा. परिपत्रकं तशी रोजच येत. टाचणी कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात टोचावी याची वरिष्ठ कार्यालयाला कायम काळजी असे, आणि शाखा ते परिपत्रक फायलीला लावून वरिष्ठांची काळजी आपल्या परीने मिटवत असे. पण या कागदाखाली लाल शाईत लिहिलं होतं की सोमवारपासून अंमल व्हावा. देश खुला झाला होता, नव्या खाजगी बँका येऊ घातल्या होत्या, तिथले कर्मचारी म्हणे ग्राहकाला बघून हसतात. तेव्हा आता आपणही कंपीट केलं पाहिजे. कोणाशी, कशासाठी आणि कोणत्या खिडकीवर, याचा उल्लेख नव्हता.

शाखेत इंग्रजीचा प्रश्न निघाला की तो प्रभाकरराव पोतनीसांच्या टेबलावर येई, कारण त्यांच्या खणात जाडजूड डिक्शनरी होती. प्रभाकरराव पन्नाशीचे अधिकारी, माधव नगरात राहणारे, आणि कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारला की आधी चष्मा पुसणारे. त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि भोवती जमलेल्या शाखेला मराठी-हिंदीत समजावून सांगितलं, की दुसऱ्याला मागे टाकून एखादी गोष्ट मिळवण्यासाठी झटणे, म्हणजे कंपीट करणे. हेड कॅशियरने लगेच शंका काढली, की झटणे हे युनियनबरोबरच्या करारात बसतं का. मग वापर कसा करायचा ते निघालं. प्रभाकररावांनी सांगितलं, की हे क्रियापद एकट्याने करता येत नाही. समोर कोणीतरी माणूस लागतो, मध्ये दोघांना हवी असलेली एखादी वस्तू लागते, आणि शेवटी एकाला ती मिळून दुसऱ्याला मिळत नाही. शाखेने विचार केला. शाखेत सगळ्यांना हवी असलेली वस्तू म्हणजे खिडकीजवळचा पंखा, आणि तो सीनियॉरिटीने ठरलेला होता.

एवढ्या ज्ञानामुळे व्हायचं तेच झालं. प्रभाकररावांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला भोपाळला धाडलं गेलं. तिथे टाय लावलेला एक मुंबईचा तरुण अधिकारी पन्नाशीतल्या चाळीस माणसांना ते एक क्रियापद दोन दिवस शिकवत होता. सकाळी सगळ्यांनी उभं राहून ते तीनदा ओरडायचं, मग बसून वहीत उतरवायचं. वर्गात कोणाला फारसं जमलं नाही. पण जेवणाच्या रांगेत पनीर संपत आलं तेव्हा सगळ्यांनी न शिकवता उत्तम करून दाखवलं. निरोपाच्या वेळी प्रत्येकाला एक छापील प्रपत्र मिळालं. तीस दिवसांत आपल्या आयुष्यात एकदा तरी कंपीट करायचं आणि प्रपत्र तीन प्रतींत भरून पाठवायचं. रकाने चार होते: कोणाशी, कशासाठी, परिणाम, आणि साक्षीदाराची सही.

प्रभाकरराव परत आले ते कंपीट करायला माणूस शोधतच. रस्त्यापलीकडच्या बँकेत त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र वसंतराव होते, रोज अकराला दोघं एका ठेल्यावर चहा घेत. वसंतरावांच्या बँकेतही तीच लाट आली होती. दोघांनी ठरवलं की आपणच एकमेकांशी करून टाकू, म्हणजे बाहेर बभ्रा नको. शेजारच्या पोहे-जलेबीवाल्याला दोघांनी एकदमच गाठून आपापल्या बँकेत खातं उघडायचा आग्रह केला. त्याने झारा खाली ठेवून सांगितलं की माझी खाती दोन्हीकडे दहा वर्षं आहेत, आणि दोन्हीकडे पासबुक भरून मिळत नाही. तेव्हा दोघांनी प्रपत्रात परिणाम बरोबरी असा लिहिला आणि एकमेकांची साक्ष घेतली. मॅनेजर सक्सेना साहेबांनी ते परत केलं. विजय किंवा पराजय असे दोनच परिणाम मान्य होते. बरोबरीचा रकाना भोपाळहून छापून आलेला नव्हता.

हा सगळा ताप प्रभाकररावांनी संध्याकाळी शेजारच्या दिलीपला कुंपणावरून सांगितला. दिलीप रेल्वेत होता आणि सल्ला हा त्याचा खरा व्यवसाय होता. नळ गळण्यापासून मुलीच्या स्थळापर्यंत त्याच्याकडे तयार उत्तर असे. तो म्हणाला, "काका, तुम्ही तर गलत जागी शोधून राहिलेत. बँकेत कोणाला काय पडलंय? मंडळात घुसवा हे. एकोणीस घरं आहेत, आणि सगळी मनातून तयार आहेत." दिलीपचे सल्ले एरवी चुकीचे निघत, त्यामुळे त्यांचं नुकसान मर्यादित असे. हा बरोबर निघाला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

मंडळ म्हणजे माधव नगरचं स्नेहवर्धक मराठी मंडळ. गणपतीत गौरींच्या आरासीची स्पर्धा हा त्याचा वर्षातला मोठा कार्यक्रम. परीक्षक मंडळी एकोणीसही घरी जात, प्रत्येक ठिकाणी फराळ करत, गौरींपुढे उभं राहून मान डोलावत आणि वहीत काहीतरी टिपून घेत. मग हॉलमागच्या खोलीत अर्धा तास दार लावून विचारविनिमय होई, म्हणजे चहा होई, आणि पहिल्या क्रमांकाचं नाव जाहीर होई. ते नाव सगळ्या बायकांना मागच्या वर्षापासून ठाऊक असे. पहिला क्रमांक घरोघर नंबराने फिरायचा. नंबराची वही रजनीताईंच्या कपाटात असे. रजनीताई महिला विभागाच्या चिटणीस. पण नंबर आहे हे कोणी कधी तोंडाने म्हणायचं नाही, ही त्या पद्धतीतली खरी अट. ज्या घराचा नंबर असेल त्या घरी श्रावणापासून बाकीच्या अठरा घरांतल्या उत्तम वस्तू गुपचूप जाऊन पोचत: कोणाच्या चांदीच्या समया, कोणाची पैठणी, कोणाच्या दिव्यांच्या माळा. त्यामुळे पहिल्या नंबराची आरास खरोखरच सगळ्यात चांगली असे, आणि कोणाला खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे. पुरुषांना यातलं इतकंच माहीत होतं की निकाल जरा प्रेमळ लागतो. कोणाचा नंबर कोणत्या साली, हे विचारण्याच्या भानगडीत ते पडत नसत.

गणपतीपूर्वीच्या साधारण सभेत प्रभाकरराव बोलायला उभे राहिले ते फळा आणि खडू घेऊन. त्यांनी क्रियापद लिहिलं, अर्थ सांगितला, चार वाक्यांत वापर करून दाखवला, देश कुठे चालला आहे ते सांगितलं, आणि मग म्हणाले की आपल्या मंडळातही परीक्षण कडक झालं पाहिजे. बाहेरगावचा परीक्षक, शंभरपैकी गुण, लेखी चिठ्ठी. तासभर ते बोलत होते, आणि खरं सांगायचं तर बरं बोलले. भय्यासाहेबांनी तिथल्या तिथे उठून पाठिंबा दिला. भय्यासाहेबांच्या घरी मागच्याच वर्षी पहिला क्रमांक आला होता, त्यामुळे सुधारणेसाठी वाटेल तो त्याग करण्याची त्यांची तयारी होती. ज्यांचे नंबर नुकतेच होऊन गेले होते त्यांनीही जोरात टाळ्या वाजवल्या. ज्यांचे जवळ आले होते त्या दोन-चार बायका गप्प बसल्या. विरोध करायचा तर नंबर असतो हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते एकोणीस वर्षांत कोणी केलं नव्हतं. अध्यक्ष अण्णांनी ठराव एकमताने पास झाल्याचं जाहीर केलं. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि प्रत्येक ठराव एकमतानेच पास करत.

प्रभाकरराव घरी निघाले तेव्हा त्यांना आपण जरा उंच झाल्यासारखं वाटत होतं. वाटेत त्यांनी नंदाताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दोनदा विचारलं की भाषण कसं झालं.

फाटकाची कडी काढताना म्हणाल्या, "यंदा आपला होता."

"काय आपला?"

"नंबर."

मग त्यांनी सांगितलं. पंच्याहत्तर साली पहिला क्रमांक त्यांच्या सासूबाईंना, माईंना, मिळाला होता. हॉलमधल्या लाकडी बोर्डावर माईंचं नाव पांढऱ्या रंगात आहे. शहात्तर साली नंदा लग्न होऊन या घरात आली. तेव्हापासून अठरा वर्षं तिने दुसऱ्या अठरा जणींसाठी टाळ्या वाजवल्या, आपली चांदीची तबकं आणि मोत्यांची तोरणं अठरा घरी पोचवली. एकोणीस घरं, एकोणिसावं वर्ष. संक्रांतीपासून ती रिकाम्या आगपेट्या जमवत होती, नदीकाठचा रामघाट उभा करणार होती. प्रभाकररावांना तिने सांगितलंही होतं, की यंदा आपल्याकडे जरा नीट करायचंय. ते पेपरमधून तोंड न काढता करा की म्हणाले होते.

"लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव कुठे छापलंय का हो?" नंदाताई म्हणाल्या. "एका बोर्डावर येणार होतं."

प्रभाकररावांना एकदम उमगलं की गेल्या महिन्याभरात घरात रजनीताईंच्या समया का दिसत होत्या, दिलीपच्या बायकोच्या दिव्यांच्या माळा आपल्या पलंगाखाली कशा आल्या, आणि भय्यासाहेबांच्या घरातली जांभळी पैठणी आपल्या कपाटात का आहे. त्यांना वाटलं होतं, लोकांकडे जागा कमी असेल. त्यांना फार वाईट वाटलं. स्वतःच्या हाताने बायकोचं एकुलतं एक बक्षीस रद्द करणारा नवरा उज्जैनीत दुसरा निघणार नाही, हे त्यांना तिथे फाटकातच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते अण्णांकडे गेले आणि म्हणाले की माझं भाषण झालंच नाही असं समजा. अण्णांनी मंडळाची घटना काढली. कलम चौदाप्रमाणे पास झालेला ठराव मागे घ्यायला खास सभा लागते आणि तिला एकवीस दिवसांची लेखी सूचना लागते. गौरी बारा दिवसांवर आल्या होत्या. प्रभाकररावांनी सुचवलं की एकवीस दिवसांपूर्वीची तारीख घालू. अण्णा दुखावले, इतिवृत्त सुंदर अक्षरात लिहून झालं होतं आणि त्यावर त्यांची सहीही होती.

तोवर इकडे वस्तू परत जायला सुरुवात झाली होती. आधी रजनीताई आल्या, खालमानेने, घरी पाहुणे येताहेत म्हणून समया घेऊन गेल्या. दुपारी पैठणी गेली. मग माळा, मखर, तोरणं, पितळी मोर. प्रत्येकीकडे पाहुणे येत होते. नंदाताईंनी प्रत्येकीला हळदकुंकू लावलं आणि वस्तू धुवून-पुसून फडक्यात बांधून दिली. संध्याकाळी घरात त्यांच्या स्वतःच्या वस्तू आणि आगपेट्यांची चार पोती उरली.

माधव नगरात कंपीट करणं मात्र जोरात सुरू झालं. खिडक्यांना आतून चादरी लागल्या. दिलीपने तर काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि कुंपणावर येणंच बंद केलं, त्यामुळे परिसरात बारा दिवस सल्ल्याचा दुष्काळ पडला. फ्रीगंजमधला थर्माकोल संपला. दोन सख्ख्या जावांनी एकाच दुकानात एकाच रंगाची झालर मागितली म्हणून त्यांचं बोलणं बंद झालं. कोणाकडे वाटीभर साखर मागायला जायची सोय राहिली नाही, कारण ती हेरगिरी ठरत होती. बँकेत प्रभाकरराव हे सांगत तेव्हा सक्सेना साहेब खूष होऊन म्हणत, "पोतनीस जी, यही तो चाहिए था."

नंदाताई एक दिवस नुसत्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही, फूटपट्टी आणि नवरा घेतला आणि रामघाटावर गेल्या. पायऱ्या मोजायला लागल्या. छत्रीखालच्या एका पंडाजींनी विचारलं, कोणाच्या नावाने काय करायचंय. त्या म्हणाल्या, कोणाच्या नावाने काही नाही, सीढ़ी गिन रही हूँ. पंडाजींना तीस वर्षांत असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. त्यांनी बसल्या जागेवरून दोन देवळांमधलं अंतर आणि पुराची खूण कुठवर असते तेही सांगितलं. प्रभाकरराव वही धरून उभे होते. अठरा वर्षांत बायकोला इतकी मग्न झालेली त्यांनी पाहिली नव्हती. नंबर मिळणार म्हणून ती जे करणार होती ते केव्हाच मागे पडलं होतं. आता तिला घाट बरोबर यायला हवा होता.

अकराशे आगपेट्यांचा घाट दिवाणखान्याची अर्धी जागा खाऊन बसला. छत्र्या जुन्या फडक्यांच्या, देवळं खडूची. नदीसाठी प्रभाकररावांचा दाढीचा आरसा गेला आणि ते आठवडाभर चाचपून दाढी करून हनुवटीवर कापूस लावून बँकेत जात होते. चांदी नव्हती, पैठणी नव्हती. गौरींना नंदाताईंनी आपल्या दोन सुती साड्या नेसवल्या आणि उभ्या न करता शेवटच्या पायरीवर बसवलं: माहेरी निघालेल्या दोघी बहिणी, चालून दमलेल्या, घटकाभर पाण्याशी टेकलेल्या. धाकटीचा मुखवटा किंचित खाली वाकवला होता, तो आरशात दिसायचा. प्रभाकरराव बघत राहिले. आपल्या घरात हे झालं आहे आणि आपल्याला त्यातलं काहीच येत नाही, हे त्यांना बरं वाटलं.

परीक्षक होत्या देवासच्या व्यास मॅडम, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. पत्र प्रभाकररावांनी लिहिलं, कारण मंडळात टाइप केलेलं पत्र लिहिणारे तेच. बस स्टँडवरून स्कूटरवर आणलं त्यांनीच, कारण बाकी सगळे आपापली आरास राखत बसले होते. मॅडमनी एकोणीस घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. खाऊँगी तो नंबर कैसे दूँगी, एवढंच म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माधव नगरातल्या करंज्या परीक्षणाविना राहिल्या. प्रत्येक घरी दहा मिनिटं उभ्या राहायच्या, चिठ्ठीवर लिहायच्या, निघायच्या. नंदाताईंच्या घाटापुढे त्या खाली बसल्या. आरशात डोकावून त्यांनी विचारलं, "ये परछाईं किसने सोची?"

"मैंने," नंदाताई म्हणाल्या.

संध्याकाळी हॉलमध्ये निकाल वाचला गेला. भय्यासाहेबांच्या घरचं फिरत्या दिव्यांचं थर्माकोलचं मंदिर, एकाहत्तर गुण, दुसरा क्रमांक. सौ. नंदा प्रभाकर पोतनीस, सत्याऐंशी गुण, पहिला. नंदाताईंनी तोंडावर हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हॉलमध्ये अण्णांची एकट्यांची टाळी वाजत राहिली, कारण ते सगळ्यालाच वाजवत; बाकी कोणाचे हात हलले नाहीत. व्यास मॅडमनी गुणांची चिठ्ठी नंदाताईंच्या हातात दिली आणि त्या शेवटच्या बसला निघून गेल्या. प्रभाकररावांनी शांततेचा अर्थ शिस्त असा घेतला. त्यांनी तिथेच खिशातून प्रपत्र काढून भरलं. कोणाशी: अठरा घरांशी. कशासाठी: प्रथम क्रमांक. परिणाम: विजय. कंपीट करणाऱ्याच्या नावापुढे त्यांनी सवयीने स्वतःचं नाव लिहिलं. साक्षीदार म्हणून दिलीपने बराच वेळ पेन हातात धरून मग सही केली.

दिलीप का थांबला होता ते सकाळी कळलं. रात्रीतून माधव नगराचा निष्कर्ष तयार झाला होता. नियम बदलला कोणी? पोतनीसांनी. परीक्षक शोधला, पत्र लिहिलं, स्कूटरवर मागे बसवून आणलं कोणी? पोतनीसांनी. मग बक्षीस कोणाच्या घरी गेलं? दोन सख्ख्या जावांचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते याच विषयावर. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणीतरी सरळ मार्गाने जिंकलं होतं, आणि त्यालाच लोक पहिली लबाडी म्हणत होते. नंबराने मिळालं असतं तर याच बायकांनी नंदाताईंना मिठ्या मारल्या असत्या.

दुपारी अण्णांनी तातडीची सभा बोलावली. तिला एकवीस दिवसांची सूचना लागली नाही. सगळेच चिडले असतील तर सूचनेची गरज नसते, असं कलम पंधरा निघालं. भय्यासाहेब बोलायला उठले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. ते म्हणाले की आम्ही कोणावर आरोप करत नाही, आणि मग अर्धा तास केले. त्यांनी शेवटी मांडलं की कालचा निकाल रद्द करावा आणि आपली जुनी पद्धत होती ती ठेवावी.

प्रभाकररावांचे कान तापले होते. पोतनीसांच्या सात पिढ्यांनी दुसऱ्यांचा खजिना सांभाळला आणि कोणी बोट दाखवलं नाही. आणि आता एका आगपेटीच्या घाटावरून. आपण किती स्वच्छ आहोत हे या लोकांना आत्ता, इथे दाखवलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. अण्णांनी विचारलं, निकाल रद्द करायला कोण अनुकूल आहे. प्रभाकररावांचा हात पहिला वर गेला. मग बाकीचे गेले. भय्यासाहेबांनी उदारपणे सांगितलं की कडवटपणा राहू नये म्हणून ती गुणांची चिठ्ठी वहिनींनी द्यावी, सगळ्यांसमोर फाडून टाकू. नंदाताई म्हणाल्या की ती कुठे ठेवली ते सापडत नाही.

मग रजनीताईंनी पिशवीतून वही काढली. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदाच माणसांत आली. त्यांनी चष्मा लावून पान उलटलं आणि वाचलं: यंदा, सौ. नंदा पोतनीस.

हॉल टाळ्यांनी भरून गेला. सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला. बायका उठून नंदाताईंच्या गळ्यात पडल्या, रजनीताई रडल्या, कोणीतरी समया आत्ता आणून देऊ का विचारलं. बक्षिसाचं स्टीलचं कोरलेलं ताट भय्यासाहेबांनी स्वतः त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, वहिनी, मनापासून सांगतो, घाट एक नंबर होता. बोर्डाच्या पेंटरला उद्याच बोलवायचं ठरलं. नंदाताई हसल्या, सगळ्यांना नमस्कार केला, आभार मानले.

फ्रीगंजच्या रस्त्याने परतताना ऊन कलत होतं. ताट प्रभाकररावांच्या काखेत होतं. त्यांचं मन हलकं झालं होतं. निकाल रद्द झाला, पण बक्षीस घरातच आलं. मंडळ सुटलं, इज्जत राहिली, भोपाळचं प्रपत्रही सकाळच्या टपालाने गेलं होतं. ते म्हणाले, "बघ, शेवटी सगळं ठीक झालं की नाही? मिळायचं होतं ते मिळालं तुला."

"मला काल मिळालं होतं," नंदाताई म्हणाल्या.

ते चालत राहिले. त्या चालत नव्हत्या हे त्यांना चार पावलांनी कळलं.

"एवढ्या एकोणीस घरांत मी एकटीने खरोखरचं केलं ते. तुम्ही फळ्यावर लिहिलं होतंत ना, तेच. कोणाची वाटी नव्हती त्यात, कोणाची साडी नव्हती. आणि ते रद्द करायला हात वर झाले तेव्हा मी बघत होते, पहिला कोणाचा जातो."

प्रभाकररावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ते कसेबसे म्हणाले की लोक काय म्हणून राहिले होते तुला माहीत नाही.

"माहीत आहे. मलाच म्हणून राहिले होते. तुम्हाला वाटलं, तुम्हाला."

रस्त्याच्या कडेला देवांच्या तसबिरी मढवून देणाऱ्याचं दुकान होतं. नंदाताई त्यांना बाहेर थांबायला सांगून पायरी चढल्या. पर्स उघडून त्यांनी घडी घातलेली एक चिठ्ठी काढली, काउंटरवर ठेवून तळहाताने सरळ केली. प्रभाकररावांना बाहेरूनही वरचा आकडा दिसला. दुकानदाराने कागद उलटसुलट पाहिला, त्यावर ना देव होता ना फोटो, तरी मापाची पट्टी काढली.

"बेनजी, काँच सादा लगाऊँ के बढ़िया?"

"बढ़िया," नंदाताई म्हणाल्या.